ताणावरचा बगीचा

डिसेंबर अर्धा सरला की माझं आभाळाकडे पाहणं सुरू होतं. कॉलेजात जाताना, भाजी घेताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना मान आपोआप वर जाते. स्टाफरूममधल्या बायका हसतात. "काऊन मॅडम, पाऊस शोधून राह्यल्या काय?" आता यांना काय सांगू! मी पाऊस शोधत नाही, बाई, तो नाही ना याची खात्री करून घेते. सगळा जिल्हा पावसासाठी देव पाण्यात घालतो, आणि मी या दीड-दोन महिन्यांत कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी कासावीस होते. वर्ध्यात माझ्या नावावर संत्र्याचं एक झाड नाही. कुंडीतली तुळस आणि कढीपत्ता, एवढीच माझी शेती. तरी जीव खालीवर होतोच.

परवा नागपूरला जाताना केळझर मागे पडलं आणि खिडकीतून एक बगीचा दिसला. पानं मलूल, आत वळलेली, झाडांखाली पाचोळा. शेजारची बाई चुकचुकली, "पाणी नाई वाटते बिचाऱ्याईले." मी म्हटलं, पाणी आहे, मुद्दाम तोडलंय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जाऊन तोडलंय. मग नागपूर येईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही.

पण तिचं तरी काय चुकलं? ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला हे विपरीतच वाटणार. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा, म्हणजे झाडाला हिवाळ्याच्या अखेरीस फुलवायचं, तर त्याआधी त्याचं पाणी बंद करावं लागतं. विहीर भरलेली असतानाही. याला आमच्याकडे बगीचा ताणावर सोडणं म्हणतात. पानं मुरगळतात, थोडी गळतात, झाड नुसतं तग धरून उभं राहतं. मग एक दिवस पाणी सोडायचं, आणि झाड फुलतं. पाणी लवकर सोडलं तर नुसती हिरवीगार पालवी येते, फुलाचा पत्ता नाही. उशिरा सोडलं तर फांद्या वाळतात, कधी आख्खं झाड हातचं जातं. या दोहोंच्या मधला दिवस नेमका कोणता, ते कुठल्याही पंचांगात छापलेलं नसतं. आणि मधेच आभाळ येऊन दोन सरी पडून गेल्या, तर केलं-सवरलं मातीत.

बारावीच्या पोरांना मी हे शिकवते तेव्हा फळ्यावर सगळं कसं सरळ दिसतं. मुळाला कोरड जाणवली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानांची बारीक छिद्रं मिटवायला लावतं, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ नये. पेशीच्या आत त्याचा निरोप पोचला की काही जनुकं जागी होतात, काही झोपी जातात. वाढीचा जोर ओसरतो. आणि फांदीच्या डोळ्यात, जिथं पुढचा कोंब दडलेला असतो, तिथं ठरतं की आता पान करायचं की फूल. मी बाण काढते, चौकटी काढते, खडू झटकते. एकदा हिंगणीहून येणाऱ्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, पाणी तोडलं तं झाडाले दुखते काय?" झाडाला मज्जासंस्था नसते, मी म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. खरं सांगू? मलाही पटलेलं नाही.

कारण मला तो हिवाळा आठवतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घर आमचं आर्वीचं, बाबांचं कापडाचं दुकान, दुकानाच्या वरच राहणं. बगीचा रोहण्याकडे, तो काकांनी लावलेला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुकानात त्यांचं मन कधी रमलं नाही. गिऱ्हाईकासमोर कापडाचं थान उलगडताना ते बाहेर वारा कुठून येतो ते पाहायचे. शेवटी बाबाच म्हणाले, जा ब्वा तू वावरात. ते गेले आणि संत्रा लावून बसले. यमुनाकाकूही त्यांच्यामागे गेली, आणि बगीच्यातल्या दोन खोल्यांच्या घरात दोघांचा संसार झाला. लेक लग्न होऊन अमरावतीला गेली. मग काका आजारी पडले आणि नागपूरच्या दवाखान्यात वारले. त्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. काकू मात्र आर्वीला आली नाही. त्या दोन खोल्यांत एकटी राहिली.

काका गेल्यापासून बगीचा फुलला नव्हता. दोन हिवाळे पालवी आली, अशी हिरवी की बघणाऱ्यानं वाहवा करावी, पण फूल म्हणून नाही. बहार पाहून बगीचा घेणारे व्यापारी फाटकातूनच परत गेले. कोणी म्हणालं माती बसली, कोणी म्हणालं नजर लागली. बाबांना मात्र कारण ठाऊक होतं. पानं मुरगळायला लागली की काकू मोटर सुरू करायची. ताण पुरताच होऊ द्यायची नाही.

त्या दिवाळीत बाबांनी बगीच्यातल्या ओट्यावर बसून निकाल सांगितला. "येंदा फुलला तं ठीक. नाई तं उन्हाळ्यात तोडून टाकतो अन् कापसाची पऱ्हाटी लावतो."

"अन् मी?" काकूनं आतून विचारलं.

"तू आर्वीले ये न आमच्याजवळ."

"आर्वीले येऊन काय करू मी? दुकानात बसून लुगडे मोजू काय?"

डिसेंबरात पाणी तोडायच्या दिवशी ते स्कूटरवर आले, मोटरीचे फ्यूज काढले, रुमालात बांधले आणि खिशात घालून आर्वीला घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तू झाडाचंच शिकते न? मंग लक्ष ठेवजो." काकू ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. स्कूटर दिसेनाशी झाली तरी तिथंच होती.

मी तेव्हा भारीच हुशार. माझ्या प्रबंधाचा विषयच होता पाण्याचा ताण आणि पान. ताण बसला की पानात प्रोलीन नावाचा एक पदार्थ साठतो. ते संप्रेरक आणि त्याच्या हुकमातली जनुकंच तो वाढवतात. पान कुटून, आम्लात घोळून, एक रसायन घालून उकळलं की नळीत लाल रंग येतो. ताण जितका जास्त तितका रंग गडद. मी सरांच्या मागे लागून आमच्याच बगीच्याची पानं ठरवली होती. बर्फ भरलेल्या थर्मासात पानं घालून रोहण्याहून आर्वी, आर्वीहून नागपूर अशी एसटी करायची. कंडक्टर विचारायचा, "ताई, कुल्फी हाय काय?"

त्या दिवसांचं मला सगळ्यात आधी काय आठवत असेल, तर मोटरीचं नसणं. बगीचा म्हणजे मोटरीची घरघर, पाटातल्या पाण्याचा आवाज, बगळे. आता काहीच नाही. सकाळी दहिवरानं धूळ पानांवर चिकटून बसायची आणि दुपारी ऊन तापलं की पानं हळूहळू आत वळायची. हातात घेतलं तर चामड्यासारखं लागायचं. काकू तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायची, आम्ही ओट्यावर सोलत बसायचो, आणि ती शेंग सोलता सोलता एकदम थांबून झाडांकडे पाहायची. मी काहीतरी बोलून तिचं लक्ष वळवायची. तिचं लक्ष वळायचं नाही.

पहिल्या खेपेची पानं उकळली, आणि नळीत रंगच नाही. लाल सोडाच, गुलाबीसुद्धा नाही. पिवळट पाणी. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं, रसायन जुनं असेल. दुसऱ्या खेपेला नवं रसायन, नवी पानं. पुन्हा पिवळं.

पाणी तोडून इतके दिवस झाले, आणि झाडांना पत्ताच नाही? होस्टेलच्या खोलीत मी नाही नाही ते विचार करत बसायची. काकांनी कलमं कुठून आणली होती? त्या कलमांच्या जनुकांतच काही खोट असेल का? मुळाला कोरड कळते पण निरोपच तयार होत नाही, असं असेल का? की निरोप पोचतो आणि वाचणारा बहिरा आहे? तसं असलं तर ताण देऊन झाडं नुसती सुकतील, फुलणार नाहीतच, आणि उन्हाळ्यात कुऱ्हाड. मला जेवण जाईना. मैत्रिणी म्हणायच्या, तुझा प्रबंध आहे की तुझं लग्न मोडलंय?

तो निरोप पेशीत नेमकं कोण वाचतं, हे त्या वेळी जगात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. सर म्हणायचे, वाचणारा आहे एवढं खरं, त्याचं घर अजून सापडलं नाही. आता अलीकडे ते सापडल्याचं मी वाचलं. स्टाफरूममध्ये मोठ्या उत्साहानं सांगायला गेले, तर शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "हो का? अन् महागाई भत्त्याचं काही कळलं काय?" त्यांचंही बरोबरच आहे. ज्या हिवाळ्यात मला ते कळायला हवं होतं तो केव्हाच निघून गेला होता.

सरांनीच शेवटी विचारलं, "पानं बगीच्यात कुठून कुठून घेतलीस?" मी म्हटलं, घराजवळच्या ओळीतून. पायवाट तिथूनच होती, काकूचा चहा तिथूनच हाक मारायचा, म्हणून दर वेळी त्याच झाडांची. सर म्हणाले, सगळ्या बगीच्यातून आण. तिसऱ्या खेपेला मी पार विहिरीपलीकडच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या बांधापर्यंत हिंडले, कुर्त्याला गोखरू चिकटेपर्यंत. नागपूरला येऊन सगळ्या नळ्या एका रांगेत लावल्या. दूरच्या झाडांच्या नळ्या कुंकू कालवल्यासारख्या लाल. मधल्याही लाल. घराजवळच्या तेवढ्या पिवळ्या.

झाडं शहाणी होती. सगळ्यांना सगळं कळत होतं. ज्यांना ताण बसलाच नाही ती बिचारी लाल होणार कशी? सर मान वाकडी करून पाहत होते. मी म्हटलं, माती वेगळी असेल सर त्या बाजूची. ते "असेल" म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रोहण्याला निघाले.

काकू कुठं दिसली नाही. मी तडक त्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी गेले. बुंध्याभोवती पाचोळा अगदी नीट पसरलेला होता, आपोआप पडलेला पाचोळा इतका नीट नसतो. तो बाजूला केला. खाली माती काळीभोर, थंडगार, बोटाला चिकटणारी. मी तिथंच बसून राहिले. ऊन कललं तेव्हा काकू विहिरीकडून आली, दोन हातांत दोन बालट्या, पदर खोचलेला, श्वास फुललेला. मला पाहून थांबली. खोटं बोलली नाही, बालट्याही लपवल्या नाहीत. खाली ठेवल्या फक्त.

"काकू, हे काय वं?"

"पायते ते माह्याकडं."

"झाड पाहत नसते काकू!"

"तुह्या पुस्तकात नसन पाहत."

माझं डोकं फिरलं. "बाबा बगीचा तोडतीन, कळते काय तुले? काकाचा बगीचा हाय हा. तुह्याच हातानं तू तोडून राह्यली."

"कळते न. मले कळत नाई काय?" ती आळ्याच्या कडेवर बसली. बराच वेळ हाताची बोटं चोळत होती, बालटीच्या कडीनं तिथं वळ पडले होते. मग म्हणाली, "तुह्या काकाची किडनी गेलती. डॉक्टरनं पाणी मोजून देल्लं होतं. दिवसभरात इतकं, अन् त्याच्यावर घोटभर नाई. ते मांगत. यमुने, घोटभर दे वं, म्हणत. मी नाई म्हणो. ओलं फडकं ओठाले लावो अन् नाई म्हणो. वाचतीन म्हणून नाई म्हणो मी. शेवटच्या दिवशी बी मांगतलं. त्या दिवशी बी मी नाईच म्हटलं." तिनं झाडाकडे हात केला. "आता याईले नाई म्हणाची ताकद नाई राह्यली माह्यात."

मायबाई! माझ्या थर्मासातला बर्फ वितळून गेला होता आणि मी पानं तोडायची विसरले होते. तिच्याजवळ बसले फक्त. थोड्या वेळानं, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, मला येत होतं तेच सांगायला लागले. की झाड यात मरत नाही, सावध होतं. मुळं पानांना कळवतात, पानं आपापली दारं लावून घेतात, वाढ थांबते, आणि डोळ्यात फूल धरतं. की काकांनीही हेच केलं होतं दर वर्षी, फुलवण्यासाठीच. काकू सगळं ऐकून घेत होती. अधूनमधून "हं" म्हणत होती, आणि नजर त्या बालट्यांवर होती.

"अजून किती दिवस?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे तरी."

ती उठली. भरलेल्या बालट्या उचलून परत विहिरीवर गेली आणि पाणी आत ओतून आली. मग म्हणाली, "मले इथून घेऊन जाय. मी इथं राह्यली तं होणार नाई हे." तिनं लुगडी पिशवीत भरली, घराला कुलूप लावलं आणि फाटकापर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मला मात्र दहा वेळा वळावंसं वाटलं.

बाबांना मी खरं सांगितलं नाही. काकूले थंडी बाधली, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "बरं केलं आणलं" एवढंच म्हणाले.

ते तीन आठवडे मी आर्वीलाच राहिले, आणि आमच्या घरात कोणी धड बसलं नाही. काकू सकाळपासून काही ना काही धूत असायची. धुतलेले पेले परत धुवायची. बाबा गिऱ्हाईकाला कापड दाखवता दाखवता बाहेर येऊन आभाळ पाहायचे. मी दर दोन-तीन दिवसांनी रोहण्याला जाऊन यायची आणि आल्या आल्या दोघं एकाच वेळी विचारायची. बाबा विचारायचे, "ताण बसला काय?" काकू विचारायची, "लय सुकले काय?" एकाच झाडाबद्दल दोन प्रश्न, आणि दोघांना पटेल असं उत्तर मला कुठून सुचणार? बरी आहेत, म्हणायची. घराजवळची ओळही आता मुरगळायला लागली होती, पण ती फार मागे होती. तिचं यंदा जुळणार नाही हे मला दिसत होतं, आणि ते मी कोणाजवळच बोलले नाही.

संक्रांत झाली आणि ढग आले. दुपारीच अंधारून आलं, गार वारा सुटला, कुठून तरी ओल्या मातीचा वास आला. एरवी त्या वासानं जीव सुखावतो, त्या दिवशी मी नाकाला ओढणी लावली. बाबा दुकान नोकरावर टाकून भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभे. वर गॅलरीत काकू, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. दोघं एकाच ढगाकडे पाहत होती आणि दोघांचं मागणं उलटं होतं. टपोरे थेंब पडले. पत्र्यावर टपटप झाली. काकूचे ओठ हलत होते. बाबा मोठ्यानं म्हणाले, "जाय ब्वा, जाय, तिकडं जाय!" रस्त्यावरची माणसं हसली. थोड्या वेळानं वारा फिरला आणि ढग नदी ओलांडून पलीकडे गेला.

"गेला," काकू म्हणाली. ती त्यावर खूश होती की नाराज, ते मला आजही सांगता येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रोहण्याला गेले. धुळीवर थेंबांचे खळगे होते. बोटभर उकरून पाहिलं तर खाली कोरडंठाक. मी तिथंच रडले, उभ्या उभ्या, एकटीच, वेड्यासारखी.

पाणी सोडायचा दिवस बाबांनी, मी आणि शेजारच्या बगीचेवाल्यांनी मिळून ठरवला. ठरवला म्हणजे काय, भीत भीत एक दिवस धरला. बाबांनी खिशातून रुमाल काढला, फ्यूज बसवले आणि बाजूला झाले. मोटरीचं बटण काकूनं दाबलं. पाटात पाणी आलं, पुढं धुळीची आणि काटक्याकुटक्यांची एक ओळ ढकलत आलं, आणि पहिल्या आळ्यात शिरलं तेव्हा माती सूं सूं करत ते प्यायली. काकू पाटात पाय घालून उभी होती. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, एकदम भरपूर दिलं तर झाड बिथरतं. मी म्हटलं, "काकू, आता बस." तिनं बटण बंद केलं. तेवढ्यासाठी तिला दात आवळावे लागले, ते मी पाहिलं.

आणि मग खरी घालमेल सुरू झाली. मोहरीएवढे हिरवे ठिपके फांद्यांवर दिसायला लागले. आता हे पान की फूल? सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. फांदीनं केव्हाच ठरवलेलं असतं, आपल्याला मात्र कळत नाही. काकू रोज सकाळी मला उठवायची, "चाल, पाहून घे." मी प्रयोगशाळेचं भिंग आणलं होतं. पहिलं झाड घराजवळचंच. कोंब टोकदार होता.

"काय हाय?"

"पान."

दुसरं झाड. "पान." तिसरं. "पान." काकूनं पुढं विचारायचं सोडलं. आम्ही विहीर ओलांडून पलीकडे गेलो. मी एक फांदी वाकवली, डोळा लावला, आणि त्या कोवळ्या हिरव्यामध्ये गोल, पांढरं डोकं दिसलं. शेजारी आणखी एक. त्याच्या शेजारी आणखी.

"फूल हाय काकू! फूल हाय वं!"

तिचा विश्वास बसेना. तिनं मला त्या दिवशी झाडामागून झाड पाहायला लावलं. मान दुखून आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी "हे पाय, आता हे पाय" चाललंच होतं.

फेब्रुवारीत बाबा बगीचा पाहायला आले तेव्हा फाटकापासूनच वास येत होता. पाच पाकळ्यांची पांढरी फुलं, खाली पांढरा सडा, आणि मधमाश्यांचा असा घोंगाट की बोलायला आवाज चढवावा लागे. बाबा पुढं, काकू आणि मी मागं. ते धुऱ्यापर्यंत गेले, परत फिरले. "राहू दे मंग बगीचा," म्हणाले. एवढंच. मी काकूचा हात दाबला. तो थंडगार होता.

परत येताना ते घराजवळच्या ओळीशी थांबले. हिरवी, तुकतुकीत, टवटवीत झाडं, आणि एक फूल नाही. "हे ओळ काऊन कोरी राह्यली?" त्यांनी मला विचारलं, कारण शिकलेली मी. मी माती वगैरे काहीतरी म्हणणार, तोच काकू बोलली.

"म्या पाणी देल्लं त्याईले. बालटीनं. तुमच्या चोरीनं."

मला वाटलं, बाबा आता भडकतात. काकूनं मान वर केली, पलीकडच्या पांढऱ्या झाडांकडे पाहिलं, आणि कोणाशीच नाही असं म्हणाली, "त्याईले नाई म्हटलं तं ते फुलले. अन् ज्या माणसाले नाई म्हटलं, तो माणूस…"

मला सगळं ठाऊक होतं. मूळ, निरोप, छिद्रं, जनुकं, फळ्यावर काढता येईल असं सगळं. त्यातलं एक अक्षर तिला देण्यासारखं नव्हतं.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "मले बी मांगतलं होतं त्यानं," ते म्हणाले. "तू आंघोळीले गेलती तवा. दादा, एक घोट दे, म्हणे. म्या बी नाई देल्लं."

काकू वळली.

"तुमी कधी सांगतलं नाई मले, भाऊजी."

"काय सांगू," बाबा म्हणाले, आणि त्या कोऱ्या ओळीतल्या एका आळ्याच्या कडेवर तिच्यासमोर मटकन खाली बसले.